लठ्ठपणावरील गट-मानसोपचार : तुलना आणि ग्रामीण विदर्भ

लठ्ठपणा असलेली आठ-दहा माणसे ठरावीक दिवशी एकत्र बसतात आणि प्रशिक्षित व्यक्तीच्या मदतीने आपले खाणे, हालचाल आणि त्यामागचे विचार व भावना यांवर काम करतात. यालाच गट-मानसोपचार म्हणतात. आहारावरचे व्याख्यान किंवा योगशिबिर यात मोडत नाही. तिथे एक बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात. इथे बोलायचे काम सदस्यांचे असते.

रुग्णांना गटाने भेटण्याची सुरुवात बॉस्टनचे डॉक्टर जोसेफ प्रॅट यांनी १९०५ मध्ये क्षयरोग्यांसाठी केली. अतिखाण्यावरील वर्तनोपचार, म्हणजे सवयी बदलण्यावर भर देणारे उपचार, रिचर्ड स्टुअर्ट यांच्या १९६७ च्या कामानंतर रूढ झाले.

भारतात २००९ मध्ये ठरलेल्या निकषांनुसार २५ वा त्याहून अधिक देहभारांक (वजन आणि उंचीवरून काढलेला आकडा, बीएमआय) म्हणजे लठ्ठपणा. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपर्यंत ठीक समजतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९–२१) देशाच्या ग्रामीण भागातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे २० टक्के स्त्रियांचा देहभारांक २५ किंवा अधिक होता. तीस ओलांडलेल्यांच्या कमरेला आशाताई टेप लावतात, तेव्हा हा विषय प्रथमच घरात शिरतो. एरवी वऱ्हाडात अशी बाई ‘खात्यापित्या घरची’ ठरते, आणि तिच्या पाठीमागे तिला म्हशीची उपमा मिळते. उपचाराला दोन्ही आड येतात.

पद्धतींमधला फरक गावजेवणाच्या पंगतीत चांगला दिसतो. गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरून तूप, आणि वाढणाऱ्याचा आग्रह. बोधात्मक वर्तनोपचार पंगतीला बसण्याआधीची तयारी करून घेतो : किती खायचे, नको कसे म्हणायचे, आणि ‘आज मोडलंच आहे तर मग पोटभर’ हा विचार कसा तपासायचा. स्वीकार आणि बांधिलकी उपचार खाण्याची ओढ घालवायला सांगत नाही. ओढ असू द्यावी, पण हात आपल्या ठरलेल्या मूल्यांनुसार चालावा, असे शिकवतो. आंतरवैयक्तिक उपचार पानाकडे कमी आणि घराकडे जास्त पाहतो : भांडण झाले, मुलगी सासरी गेली, नवरा गेला, त्यानंतर खाणे वाढले का? करुणाकेंद्री उपचाराचा रोख पंगतीनंतर रात्री स्वतःला दिलेल्या शिव्यांवर असतो.

यांपैकी सरस कोणता, हा प्रश्न वजनकाट्यावरच सोडवायचा म्हटले तर उत्तर अपुरे मिळते. डेनिस विल्फली आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये, आवेगाने अतिखाणाऱ्या १६२ जणांवर गटातील बोधात्मक वर्तनोपचार आणि आंतरवैयक्तिक उपचार यांची तुलना केली. अतिखाण्याचे प्रसंग दोन्हीकडे जवळपास सारखेच घटले. वजन मात्र फारसे उतरले नाही. २००९ मध्ये ८४ जणांना घेऊन झालेल्या अभ्यासात स्वीकार आणि बांधिलकीच्या एका दिवसाच्या कार्यशाळेनंतर तीन महिन्यांनी लाज कमी झाली आणि जगणे सुसह्य झाल्याचे दिसले. २००१ च्या एका प्रयोगात तर एकट्याने उपचार हवा असलेल्यांचेही वजन गटात अधिक घटले. कोणती पद्धत यापेक्षा गट आहे की नाही, याने जास्त फरक पडतो की काय, अशी शंका यावी असाच हा निष्कर्ष आहे. तुलना वाचताना एक पथ्य पाळावे : काहीच न मिळालेल्या प्रतीक्षायादीशी केलेली तुलना कोणत्याही पद्धतीला उजळ दाखवते. शिवाय एका गटातली माणसे एकमेकांसारखी वागू लागतात, त्यामुळे दहा जणांचा गट म्हणजे दहा सुटे पुरावे नव्हेत.

गावात गट जमवणे सोपे आहे. बचतगटाने बायकांना वर्तुळात बसायची सवय लावलेलीच आहे. अवघड आहे ती गुप्तता. शहरातल्या गटात सदस्य एकमेकांना अनोळखी असतात. इथे समोर जाऊ बसलेली असते, कधी खुद्द सासू. ‘रात्री उठून मी चोरून खाते’ हे तिच्यासमोर कोण बोलेल? म्हणून नात्यातल्या बायका वेगळ्या गटांत बसवणे, किंवा शेजारच्या दोन गावांच्या सदस्यांची अदलाबदल करणे, हे उपचाराची शाखा निवडण्याइतकेच महत्त्वाचे ठरते. वहीत रोजचे खाणे लिहिण्याचा गृहपाठ अक्षरओळख नसलेल्यांना जमत नाही. तिथे चित्रांचे कार्ड चालते. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी आणि मग कापसाची वेचणी सुरू झाली की बैठका ओस पडतात, तेव्हा आठवड्यांचा आराखडा पीकपाण्याशी जुळवावा लागतो.

असे काम गावातील प्रशिक्षित माणसे करू शकतात का, याचा एक अप्रत्यक्ष पुरावा अमरावती जिल्ह्यात आहे. तिथल्या ३० गावांत अशाच माणसांमार्फत राबवलेला ‘विश्राम’ कार्यक्रम नैराश्यासाठी होता, लठ्ठपणासाठी नव्हे. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण त्यात ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले.

गटात बसण्याआधी प्रत्येकाशी एकांतात बोलणे आवश्यक असते. तीव्र नैराश्य, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार किंवा खाऊन मुद्दाम उलटी करण्याची सवय आढळली, तर आधी जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभाग गाठावा. ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.