खुडूक कोंबडी: कोकणातल्या रवणाची पार्श्वभूमी

भात झोडून झाले आणि पेंढा रचला गेला की कोकणातल्या वाड्यांत कोंबड्या रवणाला बसायला लागतात. रवणाला बसवणे म्हणजे खुडूक झालेल्या, म्हणजे अंडी द्यायची थांबून ती उबवायला बसू पाहणाऱ्या कोंबडीखाली अंडी घालून पिल्ले काढणे. ही रीत मुख्यतः दिवाळी ते शिमगा याच काळात का चालते? यंत्रात उबवलेली एक दिवसाची पिल्ले खोक्यातून दारात मिळतात, तरी खुडूक कोंबडीचा मान का गेला नाही? उत्तरासाठी थोडे मागे जावे लागते.

पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे आग्नेय आशियातला तांबडा रानकोंबडा. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८९ देशांतल्या सहाशेहून अधिक ठिकाणची कोंबडीची हाडे पुन्हा तपासली गेली. त्यांत पाळीव कोंबडीची सर्वांत जुनी खात्रीची हाडे थायलंडमधल्या बान नोन वाट इथली ठरली, काळ इ.स.पू. १६५० ते १२५०. अभ्यासकांचे म्हणणे असे की कोरडवाहू भाताची आणि तृणधान्याची शेती सुरू झाली तेव्हा सांडलेल्या दाण्यांवर रानकोंबड्या जंगलातून वस्तीकडे ओढल्या गेल्या. कोंबडी आणि भात यांची सोबत इतकी जुनी आहे. आपल्या सह्याद्रीतला करडा रानकोंबडा ही वेगळी जात, पण तिचाही थोडा वाटा आहे. बऱ्याच कोंबड्यांची कातडी आणि पाय पिवळे असतात, तो पिवळेपणा देणारा जनुक करड्या रानकोंबड्याकडून आल्याचे २००८ मध्ये दाखवले गेले.

रानातली कोंबडी मोजकी अंडी घालते आणि बसते. गावठी कोंबडीचा स्वभाव फार बदललेला नाही. दहा-पंधरा अंडी झाली की तिच्या शरीरात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढते, अंडे देणे थांबते, पोटावरची पिसे गळतात आणि उघडी पडलेली ऊबदार कातडी सरळ अंड्यांना टेकते. वर्षातून तीन-चार वेळा हे चक्र फिरते आणि वर्षाकाठी पन्नास-साठ अंडी मिळतात. इटलीतल्या लिव्होर्नो बंदराच्या नावाने ओळखली जाणारी लेगहॉर्न जात तीनशेच्या आसपास अंडी देते, कारण खुडूक होण्याची सवय तिच्यातून निवड करकरून जवळपास काढून टाकलेली आहे. एकवीस दिवस बसणारी आणि पुढे दीड-दोन महिने पिल्ले फिरवणारी कोंबडी त्या काळात अंडे देत नाही, म्हणून अंड्यांच्या धंद्यात खुडूकपणा हा दोष ठरला. ऊब द्यायला यंत्र असेल तिथे हा हिशेब बरोबर आहे. इजिप्तमध्ये मातीच्या भट्ट्यांत हजारो अंडी उबवण्याची कला दोन हजार वर्षांहून जुनी आहे. कोकणातल्या घरात अशी भट्टी नव्हती, आणि वर्षाला तीस पिल्ले हवी असणाऱ्या घराला ती परवडलीही नसती.

आपल्याकडे दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात (१९५६–६१) केंद्र सरकारने प्रादेशिक कुक्कुट पैदास केंद्रे उभी केली, त्यांतले एक मुंबईला आरे इथे. व्हाइट लेगहॉर्न आणि ऱ्होड आयलंड रेड ही नावे गावोगाव पोचली ती सरकारी योजनांमधून. १९७१ मध्ये वेंकटेश्वरा हॅचरीजची सुरुवात झाली आणि पिंजऱ्यातला व्यवसाय देशभर फोफावला. परसातल्या पालनासाठी पुढे बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने गिरिराज आणि हैदराबादच्या कुक्कुट प्रकल्प संचालनालयाने वनराज या जाती तयार केल्या. रंगीत, अंगाने भरलेल्या आणि अंड्याला गावठीपेक्षा दुप्पट, म्हणून लोकांनी आनंदाने घेतल्या. अडचण पुढे कळली. या कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत, आणि त्या संकरित असल्यामुळे त्यांच्या अंड्यांतून निघालेली पिल्ले आईबापासारखी उतरत नाहीत. दर वेळी पिल्ले विकत आणायची आणि पहिले काही आठवडे बल्बखाली वाढवायची. पहिल्या आठवड्यात पिल्लांना पस्तीस अंशांच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला तीन अंश कमी. वीज रात्री दोन तास गेली की सकाळी पिल्ले कोपऱ्यात एकावर एक चढून चेंगरलेली सापडतात. म्हणून ज्या घरात वनराज आले त्याच घरात दोन गावठी खुडूक कोंबड्याही राखल्या गेल्या.

आता हंगामाबद्दल. जून ते सप्टेंबर कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. खुराडा, मालवणीत गुडो, ओला राहतो, आणि ओल्या तुसावर रक्ती हगवणीचे जंतू पोसतात. शिवाय शेतात तरवा, म्हणजे लावणीसाठी पेरलेली भाताची रोपे, असतो. कोंबडी तरव्यात शिरली की पायाने उकरून रोपांचा चिखल करते, आणि शेजाऱ्यांत भांडण लागायला तेवढे पुरते. त्यामुळे पावसाळ्यात कोंबड्या डालूनच, म्हणजे टोपलीखाली झाकूनच, ठेवाव्या लागतात. भात कापले की शेते मोकळी होतात, खळ्यावर दाणा सांडतो, कोंबडी अंगाला लागते आणि तिच्या अंड्यात जीव धरण्याची ताकद येते. फाल्गुन सरला की उलटी अडचण सुरू होते. साठवलेले अंडे सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या वर राहिले की आतला गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि कोंबडीखाली जाण्याआधीच मरतो. वैशाखात रवण फुकट जाते त्याचे हे खरे कारण. त्याच सुमारास वळवाचा गडगडाट असतो, म्हणून दोष गडगडाटाला दिला जातो आणि रवणाच्या पाटीत, म्हणजे टोपलीत, लोखंडाचा खिळा आणि कोळसा ठेवला जातो. ठेवायला हरकत नाही, पण आधी अंडी थंड जागी ठेवावीत.

अंडी सात दिवसांच्या आतली घ्यावीत आणि टोकदार बाजू खाली करून तांदळाच्या डब्यात किंवा वाळू घातलेल्या मडक्यात, घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात ठेवावीत. धुऊ नयेत. धुतल्यावर वरचा बारीक थर जातो आणि घाण छिद्रांतून आत शिरते. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा फिरता हवा. दीड किलोच्या गावठी कोंबडीखाली नऊ ते अकरा अंडी नीट झाकली जातात, तेरा फक्त थंडीत. अंडी विषमच घालायची अशी जुनी रीत आहे. विषम आकड्याने काही बिघडत नाही, लोभाने बिघडते. जास्त अंडी घातली तर कडेची आळीपाळीने गार होतात आणि एकाऐवजी चार वाया जातात. वनराजची मोठी अंडी असतील तर सात-आठच घालावीत.

खुडूक खरी आहे की नाही हे हात घालून पाहावे. पिसे फुलवून ती खुर्र करते, टोचते, पण उठत नाही. दोन रात्री बसूनच राहिली तर खरी. जुनी पाटी घ्यावी, व्यास एक हात, खोली वीतभर. तळाला दोन बोटे माती आणि राख, त्यात मुठीने दाबून उथळ खळगा, वर पेंढा. खळगा खोल झाला तर अंडी एकमेकांवर चढून फुटतात, सपाट राहिला तर घरंगळतात. पेंढ्याखाली निरगुडीचा पाला घालावा. पिसवा झाल्या की कोंबडी पंधराव्या-सोळाव्या दिवशी रवण सोडते, आणि लोक तिलाच नाव ठेवतात. पाटी पडवीत अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावी आणि मुंग्यांसाठी भोवती राखेचे कडे करावे. पहिला चरा पडलेल्या अंड्यात मुंग्या शिरल्या तर पिल्लू आतच मरते.

बसवायचे ते रात्री. दिवसा जागा बदलली तर कोंबडी उठून जुन्या जागी जाते. प्रत्येक अंड्यावर कोळशाने खूण करावी, कारण दुसऱ्या कोंबड्या त्याच पाटीत घालून जातात. बिनखुणेचे अंडे त्याच दिवशी काढले नाही तर शेवटी कोंबडी पिल्ले घेऊन निघते आणि ते अर्धवट उबून पडते.

कोंबडी दिवसातून एकदा, दहा ते वीस मिनिटे उठते. एक मोठी, उग्र वासाची विष्ठा टाकते, दाणा-पाणी घेते, राखेत लोळते आणि परत येते. काही कोंबड्या मुळीच उठत नाहीत. त्यांना उचलून बाहेर न्यावे, नाहीतर पाटी घाण करतात किंवा वाळून जातात. अंड्यांवर कोमट पाणी शिंपडायचा सल्ला घाटावरच्या कोरड्या हवेत ठीक आहे. समुद्राकाठी नको. एकवीस दिवसांत अंड्याचे वजन बाष्प जाऊन बारा टक्क्यांच्या आसपास घटायला हवे. दमट हवेत ते आधीच कमी घटते, आणि वर पाणी मारले तर पिल्लू फुगलेले आणि ओलसर राहून कवचातच गुदमरते.

सातव्या-आठव्या रात्री मुठीची नळी करून अंडे टॉर्चपुढे धरावे. लाल कोळ्यासारख्या शिरा दिसल्या तर जीव आहे. पूर्ण निवळ दिसले तर कोंबड्याचा संग नव्हता. लाल कडे दिसले तर गर्भ मेला, ते अंडे काढलेच पाहिजे. कुजून फुटले तर सगळी पाटी नासते. अठराव्या दिवसानंतर कशालाही हात लावू नये. कोमट पाण्यात अंडी सोडून हलणारे कोणते ते पाहण्याची पद्धत काही घरांत आहे. चरा पडलेले अंडे त्यात बुडते, म्हणून ती सोडलेली बरी.

विसाव्या रात्री पाटीजवळ कान नेला तर चिवचिव ऐकू येते. चरा पडल्यापासून बाहेर यायला बारा ते चोवीस तास लागतात. कवच सोलून मदत करू नये, शिरा सुकलेल्या नसल्या तर रक्त येते आणि पोटातला बलक आत ओढला गेलेला नसतो. हाच बलक पिल्लाला पुढे दोन दिवस पुरतो, म्हणून पहिल्या दिवशी दाणा घालायची घाई नको. तेवीस दिवसांनंतर राहिलेली अंडी फेकावीत. अकरातून नऊ निघाली तर रवण साधले म्हणायचे.

पिल्ले निघतात, पण खरी गळती पहिल्या महिन्यात होते. घार, कावळा, भारद्वाज, मुंगूस, रात्री कांडेचोर आणि साप. पहिले आठ-दहा दिवस कोंबडी डालग्याखाली, वर दगड, आणि पिल्ले फटीतून आतबाहेर. आई जागेवर असली की पिल्ले दूर जात नाहीत, आणि सावली पडताच आईच्या एका आवाजासरशी आत पळतात. दंव सुकल्यावर, नऊनंतर सोडावे. ओले पिल्लू गारठून मरते. पाणी उथळ बशीत, मधे खडे टाकून. करवंटीत पिल्लू बुडते, असे झाले की घरात कोणालाच विश्वास बसत नाही. दाणा म्हणजे तांदळाची कणी आणि नाचणी, पण नुसत्या कणीवर पिसे नीट येत नाहीत, प्रथिने लागतात. त्यासाठी वाळवी लागलेले लाकूड त्यांच्यापुढे फोडायचे, नाहीतर सुका जवळा भरडून चिमूटभर घालायचा. जवळा उन्हात वाळवलेला असतो म्हणून चालतो, खारवलेल्या मासळीचा चुरा घालू नये. मिठाने पिल्ले तहानेने लोळून मरतात आणि लोकांना तो रोग वाटतो.

रोगांत मोठा राणीखेत, म्हणजे मानमोडी. कुमाऊँमधल्या राणीखेत इथे १९२७-२८ च्या सुमारास तो आढळला आणि तेच नाव पडले. बाहेर त्याला न्यूकॅसल म्हणतात. त्याच डोंगरातल्या मुक्तेश्वरच्या पशुवैद्यक संस्थेत १९४० च्या दशकात तयार झालेली आर-टू-बी लस अजून वापरात आहे, पण ती आठ-दहा आठवड्यांच्या पिल्लांसाठी. त्याआधी पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा किंवा एफ-वन लशीचा एक थेंब डोळ्यात, आणि चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा. घोटाळा असा की लशीची कुपी शंभर किंवा अधिक पिल्लांची, फोडल्यावर तास-दोन तासांत संपवायची, आणि घरात पिल्ले नऊ. म्हणून बहुतेक परसांत लस होतच नाही. यावर उपाय जुन्या पद्धतीतच आहे. वाडीतल्या पाच-सात घरांनी एकाच आठवड्यात कोंबड्या बसवल्या तर पिल्ले एका वयाची निघतात आणि एक कुपी सगळ्यांना पुरते. देवीची लस सहा-आठ आठवड्यांनी पंखाच्या पडद्यात टोचतात. हा रोग डासांनी पसरतो, म्हणून पावसाच्या आत उरकावी.

एकाच वेळी बसवण्याचा आणखी एक उपयोग आहे. एका कोंबडीची चारच पिल्ले निघाली तर ती रात्री दुसरीच्या पंखाखाली सरकवता येतात, आणि पहिलीला मोकळी करता येते. विकत आणलेली वनराजची पिल्लेही अशीच खपतात. अटी दोन. कोंबडी निदान दोन आठवडे बसलेली असावी आणि पिल्ले दोन दिवसांपेक्षा मोठी नसावीत. मोठी पिल्ले तिला आई मानत नाहीत, आणि सकाळी उजेडात ती त्यांना टोचून हाकलते. थंडीत एका कोंबडीखाली पंधरा पिल्ले राहतात.

बसवायची नसेल अशा कोंबडीचा खुडूकपणा मोडण्यासाठी तिला पाण्यात बुचकळतात किंवा नाकात पीस घालतात. पीस घालणे निव्वळ छळ आहे. खालून हवा लागणाऱ्या जाळीच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस, पेंढ्याशिवाय, दाणा-पाणी देऊन ठेवले की पोट गार पडते आणि खुडूकपणा उतरतो.

दीड-दोन महिन्यांनी एके दिवशी आईच पिल्लांना टोचायला लागते, आणि पंधरा-वीस दिवसांत पुन्हा अंड्यावर येते. कार्तिकात बसवलेली कोंबडी अशा रीतीने फाल्गुनात दुसऱ्यांदा बसवता येते. पहिल्या खेपेच्या तलंगा, म्हणजे तरुण माद्या, पुढच्या पावसाळ्यात अंड्यावर येतात. दुसऱ्या खेपेचे नर आषाढाच्या शेवटी, गटारीच्या सुमारास, चार-पाच महिन्यांचे होतात. हाताला हलके लागतील ते आणखी महिनाभर डालून ठेवायचे, गौरीच्या तिखट्या सणासाठी.