सातवा गण कुणाचा? आवर्ती कलामागची पार्श्वभूमी

नागपुरातल्या एका कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये आवर्ती सारणीचे दोन जुने तक्ते शेजारी-शेजारी टांगलेले आहेत. एकावर क्लोरीनच्या रकान्याला ‘सात-ए’ लिहिलंय, दुसऱ्यावर ‘सात-बी’. मुलांच्या पुस्तकात तोच रकाना गण 17 (गण म्हणजे सारणीतला उभा रकाना). अणुत्रिज्या, आयनीभवन ऊर्जा, विद्युतऋणता (बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची ताकद) यांचे कल, म्हणजे सारणीत क्रमाने होणारे बदल, शिकवायला घेतले की पहिली शंका या आकड्यांचीच येते.

1869 ची मेंडेलीव्हची सारणी आणि 1913 मध्ये पुढे आलेला अणुअंक सर्वांना ठाऊक आहे. गुंता आहे तो सुरुवातीच्या आठ गणांच्या मांडणीत. तिथे गणाचा क्रमांक मूलद्रव्याच्या सर्वांत वरच्या संयुजेशी (इतर अणूंशी जोडलं जाण्याच्या क्षमतेशी) बांधलेला होता. मँगनीज आणि क्लोरीन, दोघांचीही संयुजा सातपर्यंत जाते. पोटॅशियम परमँगनेट आणि पोटॅशियम परक्लोरेटचे स्फटिकही एकाच घडणीचे. त्यामुळे आपल्या मनसर-कांद्रीच्या खाणींतून निघणारं मँगनीज थेट क्लोरीनच्या पंगतीला जाऊन बसलं. संयुजा जुळली, पण कल पार विस्कटला. आजचे विद्युतऋणतेचे आकडे घेऊन त्या रकान्यात खाली उतरून पाहा: फ्लोरीन 3.98, क्लोरीन 3.16, मध्येच मँगनीज 1.55, आणि पुन्हा ब्रोमीन 2.96!

अठरा रकान्यांच्या लांब सारणीने दोघांना वेगळं केलं आणि भांडण नावावर आलं. युरोपात मँगनीज ‘सात-ए’, क्लोरीन ‘सात-बी’. अमेरिकेत बरोबर उलट. दोन्हीकडची पुस्तकं आपल्याकडे वापरात होती, तक्तेही तसेच आले. 1980 च्या दशकात बराच वाद झाला आणि 1988 मध्ये आयुपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची 1 ते 18 क्रमांकांची शिफारस छापून आली. निर्णय योग्यच होता. पण क्लोरीनच्या बाह्यतम कक्षेतले सात इलेक्ट्रॉन पूर्वी गणाच्या आकड्यातच दिसायचे. आता 17 मधून 10 वजा करायला शिकवावं लागतं. मँगनीजचा 7 तेवढा शाबूत राहिला.

सध्याचा वाद गण 3 चा आहे. इट्रियमच्या खाली लँथॅनम लिहायचं की ल्युटेशियम? आयुपॅकच्या 2021 च्या तात्पुरत्या अहवालाने ल्युटेशियमला कौल दिला. कल पाहिला तर तेच पटतं. शेजारच्या गणात झिर्कोनियम आणि हाफ्नियमचे अणू जवळपास सारख्याच आकाराचे आहेत, म्हणजे तिथे खाली उतरताना आकार फारसा वाढत नाही. इट्रियमच्या आकाराशीही ल्युटेशियमच जास्त जुळतं, लँथॅनम बरंच मोठं पडतं.