बारोलो, बारबारेस्को आणि मधेच घुसलेली बारबेरा

आधी माझीच फजिती सांगते. इटलीत तोरिनोला (म्हणजे ट्युरिनला) आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात ऑफिसातल्या चौघांबरोबर जेवायला गेले होते, वाइनची यादी उघडली तर बारोलो, बारबारेस्को, बारबेरा, सगळी एकाच घरातली भावंडं वाटावीत अशी नावं आणि किंमत मात्र एकीची दुसरीच्या तिप्पट. मी मोठ्या रुबाबात म्हटलं की बारबारेस्को घेऊया ना, ही बघा किती स्वस्त आहे, आणि बोट ठेवलं बारबेरावर. कोणी हसलं नाही, पण शेजारच्या, इथल्याच पिएमोन्ते प्रांतातल्या बाईने माझ्याकडे जे बघितलं ते म्हणजे पुरणपोळीला कोणी पराठा म्हटल्यावर आपण बघतो तसं.

तर बारबेरा आधी बाजूला काढते, ती पटकन संपते. बारबेरा हे द्राक्षाचं नाव आहे, गावाचं नाही. गडद जांभळी, आंबटसर, तुरटपणा कमी, इथे घरोघरी रोज जेवताना पितात ती. बारबारेस्को हे गाव आहे आणि त्या गावच्या वाइनमध्ये बारबेराचा एक मणीही चालत नाही. नावं सारखी वाटतात एवढाच काय तो संबंध.

खरा घोळ पुढच्या दोघींचा आहे, कारण बारोलो आणि बारबारेस्को यांच्यात खरंच जवळजवळ सगळं सारखं आहे. दोन्ही इटलीच्या वायव्येला पिएमोन्तेत, लान्गे नावाच्या टेकड्यांवर. दोन्ही शंभर टक्के नेब्बिओलो द्राक्षाच्या, मिसळ चालत नाही. दोघींनाही 1966 साली सरकारी दर्जा मिळाला आणि 1980 साली त्याच्या वरचा, सगळ्यात कडक नियमांचा. मधे अल्बा हे शहर (हो, न्यूटेलावाल्या फेरेरोचं अल्बा, पांढऱ्या ट्रफलचं, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या त्या सुगंधी बुरशीचं पण तेच), त्याच्या नैऋत्येला बारोलो आणि पूर्वेला बारबारेस्को. गाडीने अर्ध्या-पाऊण तासात एकीकडून दुसरीकडे जाता येतं. बारोलोचा पट्टा अकरा गावांचा, 2000 हेक्टरच्या वर, बारबारेस्को म्हणजे बारबारेस्को, नेइवे, त्रेइझो ही तीन गावं आणि अल्बा शहराच्या हद्दीतला एक तुकडा, साधारण तिसरा हिस्सा. त्यामुळे जगभरच्या दुकानांत बारोलो जास्त दिसते आणि जी जास्त दिसते ती मोठी असं लोक धरून चालतात.

आता नेब्बिओलोबद्दल, कारण ते कळल्याशिवाय पुढचं सगळं पोकळ आहे. नेब्बिआ म्हणजे धुकं, आणि द्राक्ष पिकतं ते ऑक्टोबरात, जेव्हा सकाळी खालच्या दऱ्या धुक्याने भरलेल्या असतात आणि फक्त टेकड्यांची डोकी आणि किल्ल्यांचे बुरुज वर दिसतात. नाव त्यावरूनच पडलं असं बहुतेक लोक सांगतात. (आपल्या नाशिकला ऑक्टोबरात गोडी छाटणी चाललेली असते, तेव्हा इथे काढणी, म्हणजे वर्ष बरोब्बर उलटं.) या द्राक्षाची गंमत अशी की ग्लासात बघितलं तर वाटतं पाणी घातलंय. फिकट लाल, जुनी झाली की विटकरीकडे झुकणारी, आमसुलाचं सार असतं ना, साधारण त्या रंगाची. आपण समजतो हलकीफुलकी असणार, आणि पहिला घोट घेतला की तोंड आवळतं. जांभळं भरपूर खाल्ल्यावर जीभ जशी जड होते, हिरड्या कोरड्या पडतात, तसं. याला इंग्रजी पुस्तकांत पानंच्या पानं लिहितात, आपल्याकडे एक शब्द पुरतो, तुरट. साली आणि बिया यातून येणारा हा तुरटपणा नेब्बिओलोत भरपूर, आंबटपणाही भरपूर, आणि वास मात्र गुलाबाचा, सुक्या चेरीचा आणि डांबराचा. डांबराचा म्हणजे खरंच डांबराचा, रस्ता करताना ओततात ते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही वाटलं काहीतरी फेकतायत, पण एकदा नाकात बसला की विसरता येत नाही.

असली तुरट वस्तू मुरायला वेळ लागतो, लोणच्यासारखाच. इथे दोघींतला पहिला पक्का, कागदावरचा फरक येतो. बारोलोला काढणीच्या वर्षीच्या 1 नोव्हेंबरपासून 38 महिने मुरवावं लागतं, त्यातले निदान 18 लाकडात. बारबारेस्कोला 26 महिने, त्यातले 9 लाकडात. बाटलीवर रिझेर्वा लिहायचं असेल तर बारोलोला 62 आणि बारबारेस्कोला 50 महिने. म्हणजे 2021 ची बारबारेस्को 1 जानेवारी 2024 ला बाजारात येऊ शकत होती, 2021 ची बारोलो 2025 उजाडल्यावर. एकाच सालची द्राक्षं, एक वर्षाचं अंतर. शेतकऱ्याच्या दृष्टीने बघा, ते एक वर्ष माल तळघरात पडून आहे, पैसा अडकलेला आहे, त्यामुळे किमतीतला थोडा फरक तिथूनच येतो.

मग नियमात बारबारेस्कोला कमी वेळ का? तर बारबारेस्को तानारो नदीच्या जवळ आहे, टेकड्या जरा बुटक्या, हवा जरा उबदार, द्राक्ष थोडं आधी पिकतं, तुरटपणा थोडा लवकर मऊ होतो. यावरून लोकांनी सरळ समीकरण करून टाकलं, बारोलो दणकट मोठा भाऊ आणि बारबारेस्को नाजूक धाकटी बहीण. इथेच माझं भांडण आहे.

कारण बारोलोच्या आतच बघा. ला मोर्रा आणि खुद्द बारोलो गावाच्या बाजूची माती निळसर-करडी, भुसभुशीत चुनखडी-चिकणमाती, तिथली वाइन सुगंधी, मवाळ, लवकर बोलायला लागते. समोरच्या कड्यावर सेर्रालुंगा, तिथली माती भूगर्भदृष्ट्या त्याहून जुनी, जास्त घट्ट, वाळूच्या खडकाचे थर असलेली, आणि तिथली बारोलो दहा वर्षं तोंड उघडत नाही. बारबारेस्को गावची बरीचशी माती ला मोर्रासारखीच आहे. मग ला मोर्राची बारोलो आणि बारबारेस्कोची बारबारेस्को शेजारी ठेवल्या तर त्या एकमेकींच्या जवळच्या निघतात, आणि सेर्रालुंगावाली लांबची. उलट नेइवे नाहीतर त्रेइझोच्या काही उतारांवरची बारबारेस्को अशी तुरट की धाकटी बहीण म्हणायची कोणाची हिंमत होणार नाही. मी स्वतः लेबल झाकून चाखायला बसले होते तेव्हा सहापैकी दोन ओळखल्या, त्यातली एक नशिबाने.

म्हणून इथले जाणकार नुसतं बारोलो की बारबारेस्को विचारत नाहीत, कुठल्या शिवारातली ते विचारतात. आपल्याकडे कसं, विहिरीचं, माळाचं, आंब्याखालचं अशी शेतांची नावं असतात, तशी इथे आहेत आणि ती कायद्याने नोंदलेली आहेत, हद्दीसकट. बारबारेस्कोने 2007 मध्ये 66 शिवारं नोंदवली, बारोलोने 2010 मध्ये 181, त्यातली 11 म्हणजे अख्खी गावंच. कान्नुबी, ब्रुनाते, बुस्सिया ही बारोलोकडची मोठी नावं, आझिली, राबाया, मार्तिनेंगा ही बारबारेस्कोकडची. लेबलवर सोरी दिसलं तर दक्षिणेला तोंड केलेला उतार, जिथे बर्फ सगळ्यात आधी वितळतं, आणि ब्रिक्को म्हणजे टेकडीचा माथा.

इतिहासात मात्र बारबारेस्को खरंच धाकटी, हे मान्य. बारोलोला 19 व्या शतकातच राजाश्रय होता, बारोलोच्या जहागीरदार फाल्लेत्ती घराण्याची जुलिया कोल्बेर्त, ग्रिन्झाने गावचा मेयर असलेला कावूर (तोच, जो नंतर संयुक्त इटलीचा पहिला पंतप्रधान झाला), सेर्रालुंगात फोन्तानाफ्रेद्दाची इस्टेट घेणारा राजा वित्तोरिओ एमानुएले दुसरा. राजांची वाइन आणि वाइनांची राजा वगैरे बिरुद तेव्हाचंच. बारबारेस्कोची द्राक्षं त्या काळात गाड्यांत भरून बारोलो करणाऱ्यांना विकली जायची. मग अल्बाच्या वाइन शाळेचे मुख्याध्यापक दोमित्सिओ कावाझ्झा यांनी 1894 मध्ये नऊ शेतकऱ्यांना घेऊन सहकारी तळघर काढलं आणि बाटलीवर बारबारेस्को हे नाव टाकलं. फॅसिस्ट काळात ते बंद पडलं. 1958 मध्ये गावच्या पाद्र्याने, फादर फिओरिनो मारेंगो यांनी, 19 शेतकरी जमवून ते परत उभं केलं, पहिली तीन वर्षं वाइन झाली ती चर्चच्या तळघरात. सहकारी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर चेअरमनची गाडी आणि निवडणूक येते, त्यामुळे सांगते, प्रोदुत्तोरी देल बारबारेस्को ही संस्था आज साधारण 50 सभासदांची आहे, चांगल्या वर्षी नऊ शिवारांच्या नऊ वेगळ्या रिझेर्वा काढते, आणि नेब्बिओलो शिकायला मी तरी कोणालाही आधी तिथेच पाठवते.

आता तळघरं, कारण बघायला लोक त्यासाठीच येतात. आत गेल्यावर सगळ्यात आधी पिंपांचा आकार बघा. खोलीएवढी उंच, काळपट, हजारो लिटरची पिंपं असतील तर ती बोत्ती, जुनी पद्धत, लाकडाचा वास वाइनला जवळजवळ लागत नाही, नुसती हळूहळू हवा लागते. ओळीने मांडलेली छोटी छोटी 225 लिटरची फ्रेंच पिंपं असतील तर ती बॅरिक (barrique), त्यात लाकूड जास्त भिडतं, व्हॅनिलाचा वास येतो, तुरटपणा लवकर निवळतो. यावरून 1980-90 च्या दशकांत इथे घराघरांत भांडणं झाली, अगदी खरीखुरी. ला मोर्राचे वाइन करणारे एलिओ आल्तारे यांनी 1983 मध्ये वडिलांची जुनी पिंपं यांत्रिक करवतीने कापून टाकली आणि वडिलांनी त्यांना वारसातून बाद केलं. पलीकडे बारोलो गावात बार्तोलो मास्कारेल्लो हे म्हातारबुवा स्वतः लेबलं रंगवायचे, त्यातलं एक गाजलं, त्यावर लिहिलं होतं, बॅरिक नको, बेर्लुस्कोनी (इटलीचा राजकारणी) नको. बारबारेस्कोच्या बाजूला वाइन करणारे आंजेलो गाया यांनी बॅरिक आणून गावाचं नाव जगभर नेलं. आता बहुतेक जण मधल्या वाटेने जातात, वाद थंड झालाय, तरी ग्लासातला फरक गावापेक्षा कधीकधी पिंपाचा जास्त असतो, हे लक्षात ठेवलेलं बरं.

एकच दिवस असेल तर सकाळी बारबारेस्को, दुपारी बारोलो असं करा. बारबारेस्को म्हणजे एक रस्ता, एक बुरूज आणि जुन्या सान दोनातो चर्चमध्ये थाटलेलं वाइनघर, जिथे वेदी होती तिथे बाटल्या, तासाभरात गाव संपतं आणि कोणी घाई करत नाही. बारोलोला किल्ला आहे, त्यात वाइनचं संग्रहालय, खाली चाखायची सोय, कॉर्कस्क्रूचं वेगळं म्युझियम, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात ट्रफलच्या जत्रेमुळे तोबा गर्दी. लहान तळघरांत आधी मेल न करता जाऊ नका, तिथे सांगायला कोणी वेगळा माणूस नसतो, मालकीणबाई द्राक्षांतून हात पुसत येतात. आणि थुंकायला लाजू नका. बादली त्यासाठीच असते, मी पहिल्यांदा सगळे सहा घोट गिळले आणि दुसऱ्या तळघरात गेले तेव्हा जिभेला फक्त साबणाची चव येत होती.

जेवणाचं एक सांगायचं राहिलं. मागच्या दिवाळीत घरून आलेल्यांना दाखवायला म्हणून मी चार वर्षांची सेर्रालुंगाची बारोलो उघडली, सोबत तांबडा रस्सा. दोन्ही वाया. तिखट आणि तुरट एकमेकांना चढवतात, वाइन कडू लागते आणि रस्सा नुसताच जाळतो. भाऊ म्हणाला यापेक्षा सोलकढी बरी होती, आणि त्याचं बरोबरच होतं. ही वाइन चरबीवर जाते, लोण्यातली ताजारीन शेवई, प्लिन नावाच्या चिमटी घातलेल्या छोट्या करंज्या, बारोलोतच तासन् तास शिजवलेलं बीफ, मटण खायचं तर कमी तिखट सुकं. शाकाहारी असाल तर जुनं चीज.

दुकानात दोन्ही शेजारी असतील आणि आजच प्यायची असेल तर मी डोळे मिटून बारबारेस्को उचलते, चार-पाच वर्षं झालेली. बारोलोच हवी असेल तर ला मोर्रा किंवा वेर्दुनो गाव शोधते आणि जेवणाच्या दोन तास आधी उघडून ठेवते. सेर्रालुंगा, मोन्फोर्ते घेतली तर कपाटाच्या तळाशी आडवी, भावाला दिसणार नाही अशी.