गोष्टींतून परत येणारी मोरिओरी भाषा

न्यूझीलंडच्या पूर्वेला सुमारे 800 किलोमीटरवर चॅटम बेटं आहेत. तिथले मूळ रहिवासी मोरिओरी त्यांना रेकोहू म्हणतात. माणूस मारायचा नाही, हा नुनुकू या पूर्वजाचा नियम ते शतकानुशतकं पाळत आले. 1835मध्ये न्यूझीलंडच्या मुख्य भूमीवरून दोन माओरी जमाती चालून आल्या, तेव्हाही त्यांनी तो मोडला नाही. कत्तल, गुलामी आणि रोगराईने सुमारे 1,600 लोकांतले 1862 साली 101 उरले. गुलामीत स्वतःची भाषा बोलायचीही बंदी होती.

हिरावानू तापू हे मोरिओरी, आक्रमणाच्या वेळी लहान होते. पुढे लिहायला शिकून त्यांनी जुन्या गोष्टी, मंत्र आणि वंशावळी बेटांवर राहणाऱ्या अलेक्झांडर शँड यांना सांगितल्या. शँड यांनी त्या 1890च्या दशकात इंग्रजी अनुवादासह छापल्या. मला हे काम फार मोलाचं वाटतं. सॅम्युअल डाइटन यांची 1889ची शब्दसूची आहेच, पण नुसत्या शब्दांवरून वाक्य कसं जुळवायचं, आज्ञा कशी द्यायची, नकार कसा द्यायचा हे कळत नाही. गोष्टीत ते सगळं येतं. रांगीतोकोना या देवाची कथा घ्या: तो आकाश आणि धरतीला वेगळं व्हायला सांगतो, ती ऐकत नाहीत. मग तो एकावर एक दहा खांब रचून आकाश वर ढकलतो. विनवणी, नकार, कृती असा सगळा व्यवहार एका कथेत आहे, आणि मंत्रांतल्या पुनरावृत्तीमुळे तो शिकणाऱ्याच्या तोंडात बसतो.

अडचण एकच, पण मोठी. तापू आणि शँड दोघांनाही माओरी येत होती, त्यामुळे नोंदींत ती मिसळली आहे. भाषावैज्ञानिक ती ध्वनिनियमांनी वेगळी काढतात. या दोन्ही बहिणी-भाषांमधले फरक बरेचसे नियमित आहेत. माओरी ‘तांगाता’, म्हणजे माणूस, मोरिओरीत ‘चाकात’ होतो: पहिल्या ‘त’चा ‘च’, ‘ङ’चा ‘क’, आणि शेवटचा स्वर गळतो. असे नियम हाती आले, की एखादं रूप अस्सल मोरिओरी की उसनं, याचा अंदाज बांधता येतो. मंत्रांत जुनी रूपं जास्त टिकतात, म्हणून ताडून पाहायला ते आधी घ्यावेत.

तापू 1900मध्ये वारले. 1933मध्ये आई-वडील दोघंही मोरिओरी असलेले टॉमी सॉलोमन गेले, तेव्हा ‘शेवटचा मोरिओरी’ गेला असं छापून आलं. ते साफ चुकीचं होतं. वंशज होते आणि आहेत. होकोतेही मोरिओरी ट्रस्टने 2005 साली कोपिंगा हे सभास्थान उघडलं. 2021मध्ये भाषा शिकवणारं अ‍ॅपही आलं.