तडा गेलेले पाइप आणि प्रेशर व्हेसल

पाइपला किंवा प्रेशर व्हेसलला (दाबाखाली गॅस किंवा द्रव ठेवायची बंद टाकी) तडा दिसला की आता हा फुटणार असं वाटतं, पण तसं नसतं, कित्येक तडे वर्षानुवर्षं जागचे हलत नाहीत. खरा प्रश्न तीन गोष्टींचा: ताण किती, तडा केवढा आणि धातू किती चिवट.

ताण तड्याच्या टोकाशी एकवटतो. ग्रिफिथ या ब्रिटिश इंजिनिअरने 1921 मध्ये काचेवरच्या कामातून दाखवलं की तडा वाढताना सुटणारी ऊर्जा नवा पृष्ठभाग तयार करायला पुरून उरली की तडा स्वतःहून पळतो. त्या हिशोबाने तडा चौपट लांब झाला तर निम्म्या ताणालाच काम तमाम.

दिशाही बघावी लागते. आतल्या दाबाने पाइपसारख्या सिलिंडरच्या घेरात येणारा ताण लांबीच्या दिशेच्या ताणाच्या दुप्पट असतो आणि लांबीने गेलेला तडा तोच ताण उघडतो, म्हणून पाइपच्या लांबीने गेलेला तडा जास्त वाईट, त्यात आतल्या दाबाने त्याच्या कडा बाहेर फुगतात आणि टोकांवरचा ताण अजून वाढतो, सपाट पत्र्याचं गणित इथे जसंच्या तसं लावलं की फसगत.

फुटायच्या तऱ्हा दोन. धातू ठिसूळ असेल (थंडीत साधं कार्बन स्टीलही तसं होतं) तर तुटलेली बाजू सपाट, चमकदार, दाणेदार दिसते, जाड प्लेट असेल तर त्यावर व्ही आकाराच्या खुणा असतात आणि त्यांची टोकं तडा सुरू झाला तिकडे बोट दाखवतात, बहुतेक वेळा एखाद्या वेल्डकडे. चिवट धातूत मात्र तड्याखाली उरलेली जाडी आधी यील्ड होते (म्हणजे कायमची ताणली जाते), पातळ होते, मग फाटते. प्रत्यक्षात बरंच काही या दोन्हींच्या मधलं असतं.

तडा आरपार गेला तरी लांबी धोक्याच्या मर्यादेपेक्षा कमी असेल तर आधी गळती लागते आणि लाइन बंद करायला वेळ मिळतो, अणुभट्टीच्या पाइपिंगमध्ये तर याच हिशोबावर डिझाइन करतात.

आत काय भरलंय यावर पुढचं सगळं. गार पाणी जवळपास दबतच नाही, भेग पडली की दाब लगेच उतरतो, म्हणून टेस्टिंग शक्यतो पाण्याने करतात, हवेने नाही. (बॉयलरमधलं तापलेलं पाणी वेगळं, दाब उतरताच त्याची वाफ होते.) गॅसच्या लाइनमध्ये तर शर्यतच लागते, दाब उतरल्याची लाट तड्याच्या पुढे गेली तर तडा थांबतो, मागे राहिली तर तो पळतच सुटतो, मग त्याला अडवायला काही ठिकाणी जाड किंवा जास्त चिवट पाइपचे तुकडे मध्येमध्ये बसवतात.