मॉन्सून्ड मलबार कॉफी

मॉन्सून्ड मलबार : कॉफीचे कच्चे बी पश्चिम किनाऱ्यावरील गोदामांत, मुख्यतः मंगळुरात, पावसाळाभर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यात उघडे ठेवून तयार केलेली कॉफी. आम्लता अगदी थोडी आणि चव दाट, मातकट, ही तिची ओळख. बी मलबारातलेच असते असे नाही. चिकमगळूर, कोडगू येथील मळ्यांतले बीही त्यात येते. नाव किनाऱ्यावरून पडले आहे, मळ्यावरून नव्हे. अरेबिका व रोबस्टा या दोन्ही प्रकारांना २००७-०८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

उगम : रूढ उपपत्ती अशी. शिडाची जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालून युरोपला पोचायला चार ते सहा महिने घेत. जहाजाच्या लाकडी तळात दमट हवेने बी फुगे आणि त्याचा हिरवा रंग जाऊन ते पिवळट होई. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, आगबोटी आल्या आणि माल हिरवाच पोचू लागला. जुन्या चवीला सरावलेल्या, विशेषतः उत्तर युरोपातील गिऱ्हाइकांना तो रुचेना, म्हणून तोच पालट किनाऱ्यावर घडवून आणण्यात आला. यातील मूळ घटना संभवनीय आहे. जावा बेटातून शिडाच्या जहाजांनी अमेरिकेस जाणारी कॉफीही वाटेत तपकिरी पडे आणि तिला त्यामुळेच चढा भाव येई.

तथापि या कथेत मोसमी वाऱ्याला दिलेले श्रेय जपून घ्यावे. दक्षिणेत कॉफीची तोडणी साधारणतः नोव्हेंबर ते फेब्रुवारीत होते. वाळवून, सोलून माल बंदरावर येईतो उन्हाळा लागे. ऐन पावसाळ्यात तर मलबारची उघडी बंदरे शिडाच्या जहाजांना जवळजवळ बंदच असत. तेव्हा प्रवासात बीला लागलेली ओल वाऱ्यापेक्षा जहाजाच्या तळाची व लांबच्या सागरी वाटेची अधिक असावी. निर्यातीवाचून गोदामात अडकलेल्या मालानेच हा गुण प्रथम दाखवला असावा, असाही तर्क करता येतो आणि तो अधिक सयुक्तिक वाटतो. किनाऱ्यावरील पद्धतशीर प्रक्रिया मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापूर्वीची नसावी.

प्रक्रिया : धुतलेली नव्हे, तर फळासकट वाळवलेली कॉफी (व्यापारात ‘चेरी’) सोलून घेतात. जूनपासून सुमारे १२ ते १६ आठवडे हे काम चालते. चहूबाजूंनी मोकळ्या गोदामात चार ते सहा इंचांचा थर पसरून तो वरचेवर उलथतात. मग गोणपाटाची पोती सैल भरून, मधून वारा खेळेल अशा रांगांत रचतात आणि काही दिवसांनी ओतून पुन्हा भरतात. पावसाचा थेंब लागू द्यायचा नाही, वारा मात्र अडवायचा नाही. बीतील ओलावा १०-११ टक्क्यांवरून १३-१४ टक्क्यांपर्यंत चढतो. शेवटी न फुगलेले दाणे हाताने वेचून काढतात. तयार दाणा मुठीत घेतला तर हलका लागतो. रंग फिकट गव्हाळ. मुळातच पिवळट असल्याने भाजताना नुसत्या रंगावर भिस्त ठेवणारा हमखास फसतो.

चव : लाकूड, ओली माती, मसाला, कधी कडसर चॉकलेट अशा छटा सांगितल्या जातात. कोकणात श्रावणात बंद खोली उघडल्यावर येणारा वास ज्याला ठाऊक आहे, त्याला यातला पहिला दरवळ ओळखायला वेळ लागू नये. चवपारखी एरवी कॉफीतील कुबटपणा दोष धरतात. इथे तोच, मर्यादेत असेल तर, गुण ठरतो. बुरशीचा उग्र वास आला की माल बिघडला. कॉफी निवत जाते तसा हा फरक स्पष्ट होतो, म्हणून पहिल्या गरम घोटावर निकाल देऊ नये. एस्प्रेसोच्या मिश्रणांत ती दाटपणा व फेस यांसाठी घालतात. फळासारखा आंबटगोडपणा शोधणाऱ्यास ती निर्जीव वाटण्याचा संभव आहे.

दाण्याच्या आकारानुसार अरेबिकात मॉन्सून्ड मलबार एए व त्याखालोखाल मॉन्सून्ड बसनल्ली अशा प्रती पडतात. बहुतेक माल निर्यात होतो.