साडेतीनशे मीटर खालचा गेरू

शेतात बोअर मारायची ठरली की आधी पाणाड्या येतो. कोणी तळहातावर नारळ आडवा धरतो, कोणी कडुलिंबाची दुबेळकी फांदी. तो एका जागी थबकतो, टाच आपटतो आणि सांगतो, "इथं लागंल." मग बोअरची गाडी येते, रात्रभर घरघरते, राखाडी भुकटी उडवते, आणि घरातली माणसं फुटाचा दर मनात गुणत बांधावर बसून राहतात. बोअर फेल गेली तरी पाणाड्याला कोणी जाब विचारत नाही. चार दिवसांनी तो शेजारच्या रानात नारळ घेऊन उभा असतोच.

पाण्याचं एक बरं असतं, ते शंभर-दोनशे फुटांवर लागायची निदान आशा तरी असते. साडेतीनशे मीटर खाली तांबं आहे की नाही, हे वरून कसं ओळखायचं? तेही अशा ठिकाणी, जिथे वर फक्त लाल वाळूच्या टेकड्या आणि खुरटी झुडपं आहेत?

ही जागा दक्षिण ऑस्ट्रेलियात आहे. रॉक्सबी डाउन्स नावाचं मेंढरं चारायचं अफाट रान. तिथे जनावरांच्या पाण्यासाठी एक खड्डा खणलेला होता, आपण ज्याला शेततळं म्हणतो तसला. ऑस्ट्रेलियात अशा तळ्याला 'डॅम'च म्हणतात. मेलबर्नला ऑलिंपिक झालं त्या सुमाराला, १९५६ला, तो खणला म्हणून त्याचं नाव पडलं ऑलिंपिक डॅम. आज हे नाव जगातल्या सगळ्यात मोठ्या तांब्याच्या साठ्यांपैकी एकाचं आहे. युरेनियमचा तर इतका मोठा एकच साठा दुसरीकडे कुठे माहीत नाही. सोनं आणि चांदी वरकड.

माणसाने हजारो वर्षं खनिजं शोधली ती डोळ्यांनी. तांब्याच्या भांड्यावर चढतो तसला हिरवट रंग खडकावर दिसला की तिथे पहार मारायची. राजस्थानातल्या खेत्रीच्या खाणी अशाच, फार जुन्या काळापासून माहीत असलेल्या. पण हिरवा रंग दिसायला खडक उघडा असावा लागतो. ऑस्ट्रेलियाचा सुमारे ८० टक्के भाग वाळू, माती, झिजलेला मुरूम आणि नंतर साचलेल्या गाळाच्या खडकांखाली झाकलेला आहे. ऑलिंपिक डॅमचं खनिज सुमारे १५९ कोटी वर्षांपूर्वी तयार झालं. त्यावरचे डोंगर झिजून सपाट झाले, कित्येक कोटी वर्षं काहीच साचलं नाही, आणि मग समुद्र येऊन गेले. त्यांनी शेल (चिखल दाबून झालेला पापुद्र्यांचा खडक), वाळूचा खडक आणि चुनखडी असे थर आडवे अंथरले. जमीन सारवल्यावर खालच्या भेगा दिसेनाशा होतात, तसं झालं. आणि इथलं सारवण साडेतीनशे मीटर जाडीचं.

१९७०च्या दशकात वेस्टर्न मायनिंग कॉर्पोरेशन या कंपनीत डग्लस हेन्स नावाचा तरुण भूवैज्ञानिक होता. त्याने डॉक्टरेटसाठी अभ्यास केला होता बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाच्या जातीच्या खडकाचा. त्याचं म्हणणं असं की बेसॉल्टमध्ये तांबं थोडंथोडं विखुरलेलं असतं. खारट गरम पाण्याने हा खडक बदलला, गंजला, की ते तांबं सुटतं, पाण्याबरोबर वर चढतं आणि वरच्या गाळाच्या थरांत जाऊन बसतं. म्हणजे शोधायचं काय? खोल पुरलेला जुना, बदललेला बेसॉल्टचा ढीग. तो सापडला की त्याच्या वरच्या थरांत तांबं बघायचं.

आता पुरलेला बेसॉल्ट दिसणार कसा? दिसत नाही, पण त्याचं वजन लागतं.

गुरुत्वमापी नावाचं उपकरण असतं. वरून बघितलं तर जेवणाच्या उंच डब्यासारखं, आत क्वार्ट्झची नाजूक स्प्रिंग आणि तिला लटकलेलं इवलंसं वजन. खाली जड खडक असेल तर पृथ्वीची ओढ तिथे किंचित जास्त असते आणि स्प्रिंग केसभर जास्त ताणली जाते. हे 'किंचित' किती, ते बघण्यासारखं आहे. या ओढीतला फरक मिलिगॅलमध्ये मोजतात (नाव गॅलिलिओवरून). एक मिलिगॅल म्हणजे पृथ्वीच्या एकूण ओढीचा जवळपास दहा लाखावा भाग. ६० किलोचा माणूस स्प्रिंगच्या काट्यावर उभा राहिला, तर एक मिलिगॅलने त्याचं वजन सुमारे ६० मिलिग्रॅमने वाढेल. तांदळाचे दोन-तीन दाणे, बस. आणि एवढ्यावरून जमिनीखाली काय आहे ते ठरवायचं!

त्यात अडचणी पावलोपावली. उपकरण एक मीटर उंच उचललं की ओढ ०.३ मिलिगॅलने कमी होते. म्हणून प्रत्येक जागेची उंची काही सेंटिमीटरपर्यंत अचूक मोजावी लागते. चंद्र-सूर्याच्या ओढीनेही काटा हलतो, त्याचा हिशेब वजा करायचा. वाऱ्याने थरथर होते. माणूस वाळूत गुडघे टेकून बसतो, खालचे तीन स्क्रू फिरवून बुडबुडा मधोमध आणतो, श्वास रोखून आकडा टिपतो आणि डबा उचलून पुढच्या खुणेकडे निघतो. असं दिवसभर, उन्हात. भूविज्ञान म्हणजे हातोडा घेऊन डोंगर फोडणं, असं वाटणाऱ्यांना हे काम फार कंटाळवाणं वाटेल. आहेही.

दुसरं साधन चुंबकत्वाचं. मॅग्नेटाइट हे लोहखनिज पृथ्वीच्या चुंबकी क्षेत्रात आपला ठसा उमटवतं, आणि तो विमानातूनही मोजता येतो. यात मोठी सोय अशी की शेल, चुनखडी हे गाळाचे खडक चुंबकाच्या दृष्टीने जवळजवळ मुके असतात. खालचा आवाज त्यांच्यातून आरपार ऐकू येतो.

ऑस्ट्रेलियाच्या सरकारी भूवैज्ञानिकांनी असे मोठ्या प्रदेशांचे नकाशे आधीच करून ठेवले होते आणि ते सगळ्यांना खुले होते. मला या गोष्टीत हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कोणाला काय सापडेल हे माहीत नसताना सरकारने नुसती मोजमापं करून ठेवली. कंपनीच्या लोकांनी हे नकाशे समोर पसरले, भूपृष्ठातल्या लांबलचक भेगांच्या रेषा त्यावर जुळवल्या, आणि जिथे गुरुत्व आणि चुंबकत्व दोन्ही एकाच ठिकाणी फुगलेले दिसले तिथे बोट ठेवलं. हाच तो पुरलेला बेसॉल्ट, असं त्यांनी मानलं.

जुलै १९७५मध्ये आरडी-१ ही पहिली बोअर ३५३ मीटरवर पोहोचली आणि खाली भलताच लाल, जड खडक लागला. त्यात ३८ मीटर लांबीत सरासरी १.०५ टक्के तांबं होतं. पहिल्याच बोअरला!

पण बेसॉल्टचा तो ढीग काही तिथे नव्हता. गाळाच्या थरांत तांबंही नव्हतं. तांबं होतं थरांच्या खाली, फुटून चक्काचूर झालेल्या ग्रॅनाइटमध्ये. त्या फुटलेल्या तुकड्यांमध्ये भरलं होतं हेमाटाइट, म्हणजे आणखी एक लोहखनिज. हेमाटाइट आपल्याला परकं नाही. तुळशीवृंदावनाला आणि कुंड्यांना लावतो तो गेरू म्हणजे मातीत मिसळलेलं हेमाटाइटच. शेंगदाण्याच्या चिक्कीची कल्पना करा: दाणे म्हणजे ग्रॅनाइटचे तुकडे आणि गूळ म्हणजे गेरूचा दगड. त्या गुळात बारीक बारीक कण तांब्याच्या खनिजांचे: पितळेसारखं पिवळं चाल्कोपायराइट, मोरपिसासारखं जांभळट झळकणारं बोर्नाइट, करडं चाल्कोसाइट.

ग्रॅनाइटची घनता पाण्याच्या २.७ पट, हेमाटाइटची ५ पटीहून जास्त. गुरुत्वमापीची स्प्रिंग ताणली होती ती या गेरूने. नकाशावरचा फुगवटा खरा होता, त्याचा लावलेला अर्थ चुकीचा. इथे गुरुत्वाची जुनी खोड आहे. खोलवरचा मोठा, मध्यम जड ढीग आणि जरा वरचा लहान, फार जड ढीग हे दोन्ही वरून जवळपास सारखेच दिसू शकतात. उत्तर एकच असेल असं गणित कधीच सांगत नाही, ते माणसाने निवडायचं. हेन्सच्या गटाने चुकीचं उत्तर निवडलं आणि बोअर मात्र बरोबर जागी मारली. याला नशीब म्हणावं का? थोडं म्हणावंच. पण चुकीचा का होईना, काही विचार असल्याशिवाय त्या ओसाड रानात कोणी साडेतीनशे मीटर खोल जाण्याचे पैसे दिले नसते.

पुढे सगळं सुरळीत झालं असंही नाही. मधल्या बोअर काही बऱ्या गेल्या, काही अगदीच कोरड्या. नोव्हेंबर १९७६मध्ये आरडी-१० मात्र जबर लागली: १७० मीटर लांबीत २.१ टक्के तांबं, शिवाय युरेनियम. एक गंमत नंतर कळली. या साठ्याच्या मधोमध, जिथे दाणे उरलेच नाहीत आणि नुसता गूळ आहे, तिथे तांबं जवळजवळ नाहीच. ते आहे भोवतीच्या कडेत. म्हणजे सगळ्यात जड जागा बघून बोअर मारली तर फेल जायची भीती. खाण १९८८ला सुरू झाली. अलीकडच्या चांगल्या वर्षांत तिथून वर्षाला दोन लाख टनांवर तांबं निघालं आहे.

ऑलिंपिक डॅम सापडल्यावर शोधायची चीजच बदलली. आता बेसॉल्ट नको, गेरू शोधा. २००१ला त्याच पट्ट्यात प्रॉमिनंट हिल सापडलं. २००५ला रूडी गोमेझ नावाच्या भूवैज्ञानिकाने, मोठी कंपनी पाठीशी नसताना, राज्य सरकारच्या बोअर-अनुदानाच्या मदतीने कॅरापटीना इथे बोअर मारली. तिथलं पांघरूण आणखी जाड, पावणेपाचशे मीटर. त्याखाली १७८ मीटर लांबीत १.८ टक्के तांबं. अर्धा खर्च सरकारचा, अर्धा आपला, ही योजना मला मोठ्या शहाणपणाची वाटते. कारण झाकलेल्या प्रदेशात फेल गेलेली बोअरही सांगते, पांघरूण किती जाड आहे आणि खाली कोणता खडक आहे. ती माहिती सगळ्यांची होते.

मग २०१८. ऑलिंपिक डॅमपासून ६५ किलोमीटरवर ओक डॅम हा भाग. तिथे १९७०च्या दशकातच शोध घेऊन झाला होता. बीएचपी या कंपनीने पुन्हा जाऊन बोअर मारली. १,०६३ मीटरपासून खाली ४२५ मीटर लांबीत सरासरी ३ टक्के तांबं निघालं, आणि टनाला ०.५९ ग्रॅम सोनं. सोन्याचा हा आकडा वाचून हसू येईल. सराफाच्या दहा ग्रॅमच्या तोळ्यासाठी १७ टन खडक दळावा लागेल, म्हणजे जवळपास दोन ट्रक. पण तांब्यासाठी तो खडक दळायचाच आहे, तेव्हा सोनं फुकटात पदरात.

झाडांकडून सोनं शोधण्याची बातमी अनेकांनी वाचली असेल. २०१३मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की निलगिरीची मुळं तीस-पस्तीस मीटर खोलवरून सोन्याचे कण शोषतात आणि ते पानांत सापडतात. (पानं ओरबाडायला धावू नका, अशा ५०० झाडांतलं सोनं मिळून कशीबशी एक अंगठी.) पद्धत सुरेख आहे, पण तीनशे मीटर खडकापुढे निलगिरीही हात टेकते.

तिथे उपयोगी पडते ती वीज. जगभर कुठे ना कुठे विजा कडाडत असतात, सूर्यावरून भारित कणांचा वारा येत असतो. त्यामुळे जमिनीत बारीक प्रवाह सतत खेळतात. जमिनीत पुरलेल्या पट्ट्या आणि वेटोळ्यांनी ते मोजले की खालचा खडक विजेला वाट देतो की अडवतो ते कळतं, अगदी दहा-वीस किलोमीटरच्याही खालपर्यंत. ॲडलेडच्या ग्रॅहम हाइन्सन यांच्या गटाने ऑलिंपिक डॅमखाली असं बघितलं, तर पृथ्वीच्या कवचाच्या मध्यापासून वर चढत आलेल्या विजेला सुलभ अशा वाटा दिसल्या. १५९ कोटी वर्षांपूर्वी गरम पाणी ज्या वाटेने आलं त्या वाटेच्या या खुणा असाव्यात. आता संपूर्ण ऑस्ट्रेलियावर दर ५५ किलोमीटरवर एक, असं जाळं टाकून हे मोजमाप चाललं आहे. तांबं नव्हे, तांब्याची वाट शोधायची.

आणि आपण? महाराष्ट्राचा बराचसा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाखाली झाकलेला आहे. पूर्वेला चंद्रपूरकडे हे पांघरूण संपतं आणि प्राचीन खडक उघडे पडतात. तिथे थानेवासनाला तांबं माहीत आहे. लाव्हाखाली तसलेच प्राचीन खडक पुढे पश्चिमेला गेले आहेत, त्यांत काय आहे हा प्रश्न रास्त आहे. पण आपलं पांघरूण ऑस्ट्रेलियाच्या पांघरुणासारखं मुकं नाही. बेसॉल्ट स्वतःच चुंबकी, तेही एक थर एका दिशेने आणि दुसरा उलट्या. शिवाय तो ग्रॅनाइटपेक्षा जड, आणि त्याची जाडी जागोजागी बदलते. शेजारी लाउडस्पीकर लागलेला असताना भिंतीपलीकडची कुजबुज ऐकायची, तशी ही गत. म्हणून वर्तमानपत्रात 'महाराष्ट्राच्या पोटात सोन्याचा साठा' असला मथळा दिसला की मी आधी बोअर किती आणि किती खोल मारल्या ते शोधतो. बहुधा तो आकडा बातमीत नसतो.

लाव्हाच्या आरपार गेलेल्या बोअर आपल्याकडे आहेत, पण त्या भूकंपामुळे. कोयनेच्या परिसरात गोठण्याला २०१७मध्ये तीन किलोमीटर खोल बोअर झाली. तिथे बेसॉल्ट १,२४७ मीटर जाड निघाला. त्याआधी, १९९३च्या भूकंपानंतर, किल्लारीला. तिथे ३३८ मीटर बेसॉल्ट, त्याखाली फक्त आठ मीटर जुना गाळ, आणि मग प्राचीन खडक. पांघरूण जवळजवळ ऑलिंपिक डॅमइतकंच जाड. ती बोअर तांब्यासाठी नव्हती, जमीन का हादरली ते विचारायला होती. ६१७ मीटरवर ती थांबवली.